जनसंपर्काची आचारसंहिता : देशोदेशीचे नियम आणि खानदेशातले प्रश्न

मागील अंकात जनसंपर्क व्यवसायाच्या आचारसंहितांची ओळख करून देणारी टिपणी या सदरात आली होती आणि वाचकांनी आपल्या शंका कळवाव्यात, अशी विनंती केली होती. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही येथे संक्षिप्त करून घेतली आहेत. पत्रलेखकांपैकी बरेच जण नोकरीत असल्यामुळे नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी जळगाव येथे विद्यापीठात पत्रकारिता व जनसंज्ञापन विषयाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी निरनिराळ्या देशांतील जनसंपर्क संस्थांच्या आचारसंहितांची तुलना करण्याचे ठरवले आहे. काही संहिता वाचल्या. पण सगळीकडे सत्य, सचोटी, गोपनीयता, हितसंबंधांचा संघर्ष हेच मुद्दे दिसतात. तक्ता भरला तर प्रत्येक चौकटीत 'आहे' एवढेच लिहावे लागते. मग तुलना करायची तरी कशाची?

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे आणि या सारखेपणाचे कारण इतिहासात सापडते. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने, म्हणजे 'इप्रा'ने, १९६१ मध्ये व्हेनिस येथे आणि १९६५ मध्ये अथेन्स येथे एकेक संहिता स्वीकारली. अथेन्सच्या संहितेचा मसुदा फ्रान्सचे ल्युसियाँ मात्रा यांनी तयार केला होता आणि तिचा पाया संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा हा होता. २१ एप्रिल १९६८ रोजी नवी दिल्लीत भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय जनसंपर्क परिषदेत पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाने हीच संहिता आपली म्हणून स्वीकारली. आपल्याकडे २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन मानला जातो तो यामुळेच. जर्मनीतील व्यावसायिकांच्या संघटनेनेही अथेन्सची संहिता आणि पुढे १९७८ ची लिस्बन येथील युरोपीय संहिता मान्य केली. ज्या संहितांचे मूळच एक आहे, त्यांच्या मूल्यांचा तक्ता सारखा दिसणार यात आश्चर्य नाही.

म्हणून मूल्यांची यादी एका परिच्छेदात आटोपून आपण संहितेच्या अंमलबजावणीकडे वळावे, असे मी सुचवीन. संहिता कोणावर बंधनकारक आहे, व्यक्तीवर की कंपनीवर? तक्रार कोण करू शकतो, फक्त सभासद की कोणीही? ती कोण ऐकतो? निकाल जाहीर होतो की फाइलमध्ये राहतो? आणि दोष सिद्ध झाला तर पुढे नेमके काय होते? हे प्रश्न घेऊन तीन देशांकडे पाहिले तरी खरे अंतर दिसू लागते.

अमेरिकेच्या पब्लिक रिलेशन्स सोसायटीची स्थापना १९४७ ची आणि पहिली संहिता १९५० ची. पुढची पन्नास वर्षे त्या संहितेत चौकशी आणि शिक्षेची व्यवस्था होती. परंतु ती संहिता फक्त सभासदांना लागू होत असल्यामुळे तिच्यात एक मोठी पळवाट राहिली. १९८६ मध्ये संस्थेच्या तत्कालीन अध्यक्षांवरच, एका क्लायंटच्या आतल्या माहितीचा उपयोग करून शेअरचा व्यवहार केल्याचा आरोप तिथल्या रोखे बाजार नियामकाने ठेवला. त्यांनी आधी अध्यक्षपद सोडले आणि संस्थेची चौकशी सुरू होण्याची वेळ येताच सभासदत्वही सोडले. मग चौकशी करणार कोणाची? २००० मध्ये या संस्थेने नवी संहिता आणली, तेव्हा शिक्षेवरचा भर काढून घेतला आणि प्रबोधनावर दिला. न्यायालयाने दोषी ठरवलेल्या किंवा शासकीय यंत्रणेने कारवाई केलेल्या व्यक्तीला काढून टाकण्याचा अधिकार मात्र संचालक मंडळाने आपल्याकडे ठेवला. हा बदल माघार होता की वास्तवाचा स्वीकार, यावर आजही दोन मते आहेत. माझ्या मते ती माघार होती, कारण सर्वांत मोठ्या व्यावसायिक संस्थेने न्याय करण्याची जबाबदारी इतरांवर सोपवली की तिचा शब्द हलका होतो.

ब्रिटनमध्ये दोन संस्था आहेत. चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक रिलेशन्स ही १९४८ ची, तिला २००५ मध्ये राजसनद मिळाली आणि तिची संहिता व्यक्तींना बांधते. दुसरी पीआरसीए ही १९६९ ची, मुख्यतः कंपन्यांना सभासद करून घेणारी. बेल पॉटिंजर या लंडनच्या नामांकित कंपनीने दक्षिण आफ्रिकेत गुप्ता कुटुंबाच्या ओकबे कंपनीसाठी चालवलेल्या मोहिमेमुळे तिथे वांशिक तेढ वाढत असल्याची तक्रार या दुसऱ्या संस्थेकडे आली. गुप्ता कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशातील सहारनपूरचे, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. तक्रारदार होता दक्षिण आफ्रिकेतील डेमोक्रॅटिक अलायन्स हा राजकीय पक्ष. तो त्या संस्थेचा सभासद नव्हता, कंपनीचा क्लायंट नव्हता आणि ब्रिटनमधलाही नव्हता. तरीही तक्रार ऐकली गेली, सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीची किमान पाच वर्षांसाठी हकालपट्टी झाली आणि निकाल जगजाहीर करण्यात आला. एक पैसाही दंड झाला नव्हता. परंतु क्लायंट सोडून गेले आणि काही दिवसांतच कंपनी बुडून दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. तक्रारीचे दार कोणासाठी उघडे आहे, हा मुद्दा आपल्या प्रबंधात मध्यभागी ठेवावा, असे मी म्हणतो ते या प्रकरणामुळे.

जर्मनीने तिसरा मार्ग काढला. तिथे १९८७ पासून जनसंपर्क परिषद आहे. ती एखादी कंपनी कोणत्या संघटनेची सभासद आहे हे न पाहता प्रकरण हाती घेते आणि जाहीर ठपका ठेवते. रेल्वे कंपनी डॉइचे बान हिने २००७ मध्ये सुमारे १३ लाख युरो खर्चून आपली बाजू मांडणारा मजकूर, जनमत चाचण्या आणि वाचकांची पत्रे पैसे कोणाचे हे न सांगता पसरवली होती. २००९ मध्ये हे उघड झाल्यावर परिषदेने कंपनीला आणि तिच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांना ठपका दिला. सभासदत्व सोडून सुटका होण्याची अमेरिकेतली पळवाट इथे बंद होते. या परिषदेची सध्याची संहिता २०१२ ची आहे आणि प्रेषक ओळखता आला पाहिजे, ही तिची पहिली अपेक्षा आहे.

आपल्याकडे १९५८ ची पब्लिक रिलेशन्स सोसायटी ही व्यक्तींची आणि २००१ ची पीआरसीएआय ही सल्लागार कंपन्यांची संस्था आहे. दोघींच्या संहिता आहेत. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी प्रसिद्धीचे काम करणारी बहुसंख्य माणसे यांपैकी कोणाचीच सभासद नसतात. पतसंस्था, साखर कारखाना, शिक्षणसंस्था, दालमिल, सराफी पेढी, रुग्णालय यांच्याकडे 'प्रसिद्धी पाहणारे' म्हणून जे गृहस्थ असतात, त्यांच्यापैकी जळगाव शहरातल्या दहा जणांशी बोलून त्यांना संहिता माहीत आहे का, त्यांच्याविरुद्ध तक्रार कोठे करता येईल हे त्यांना ठाऊक आहे का, एवढे जरी आपण नोंदवले, तरी तो भाग परदेशी संहितांच्या तक्त्याहून अधिक मोलाचा ठरेल.

प्रश्न : रावेर तालुक्यातील एका केळी रोपवाटिकेच्या प्रसिद्धीचे काम मी पाहतो. आम्ही उतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपे विकतो. चांगले उत्पन्न घेतलेल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती तयार करून वर्तमानपत्रांना आणि यूट्यूब वाहिन्यांना देतो. या शेतकऱ्यांना रोपे मोफत किंवा निम्म्या दराने दिलेली असतात. ते मजकुरात सांगावे का? मालकांचे म्हणणे असे की शेतकरी खोटे काहीच बोलत नाही, मग सांगायचे कशाला? दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. काही बागांत सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस, केळीवरचा विषाणूजन्य रोग) आल्याच्या तक्रारी आमच्याकडे आल्या आहेत आणि पत्रकारांनी विचारल्यास 'एकही तक्रार नाही' असे सांगण्याची मला सूचना आहे.

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर स्पष्ट आहे : सांगावे, आणि मजकुराच्या आरंभीच सांगावे. शेतकरी खरे बोलत असेल यावर माझा पूर्ण विश्वास आहे. परंतु वाचणारा दुसरा शेतकरी त्या शब्दांचे वजन करीत असतो आणि वजन करण्यासाठी त्याला बोलणाऱ्याचा रोपवाटिकेशी असलेला संबंध माहीत असावा लागतो. केळीच्या बागेत एका एकरात हजाराहून अधिक रोपे लागतात, पीक हाती येण्यास वर्ष लागते, आणि त्यासाठी सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज काढलेले असते. एवढा मोठा निर्णय ज्याच्या अनुभवावर विसंबून घ्यायचा, त्याला रोपे फुकट मिळाली होती ही गोष्ट किरकोळ मानता येत नाही.

देशोदेशीच्या नियमांत याबाबत जेवढे एकमत आहे तेवढे दुसऱ्या कशाबाबतच नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९८० मध्येच शिफारसींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि पुढे २००९ व २०२३ मध्ये ती समाजमाध्यमांसाठी विस्तारली. शिफारस करणारा आणि विकणारा यांच्यातला आर्थिक संबंध ग्राहकाला कळलाच पाहिजे, हा त्यांचा गाभा आहे. आपल्या देशात जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे 'एएससीआय'ने, समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी २०२१ मध्ये असेच नियम केले आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्याला कायद्याचे बळ दिले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. मालकांना नीतीचा मुद्दा पटत नसेल, तर हा आकडा त्यांच्यासमोर ठेवावा. 'या शेतकऱ्यांना रोपे आमच्या रोपवाटिकेने सवलतीत दिली होती' हे एक वाक्य पुरेसे आहे, आणि माझा अनुभव असा की त्याने मुलाखतीवरचा विश्वास कमी होत नाही.

आता दुसरा भाग. 'एकही तक्रार नाही' हे विधान असत्य आहे, आणि आपल्याला ते ठाऊक आहे. अथेन्सच्या संहितेत सत्याला इतर कोणत्याही गरजेच्या खाली ठेवू नये आणि ज्याची खातरजमा करता येत नाही अशी माहिती पसरवू नये, असे सांगितले आहे. इप्राने २०११ मध्ये जुन्या संहिता एकत्र करून जी नवी केली, तिच्यातही हे बंधन कायम आहे. येथे एक भेद मात्र नीट समजून घ्यावा. कोणतीही संहिता आपल्याला मालकाची प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर मांडायला सांगत नाही. किती रोपे विकली, कोणत्या दराने विकली, मातृवृक्ष कोठून आणले, ही व्यापारी गोपनीयता आहे आणि ती राखणे हेही आपले कर्तव्य आहे. मौन राखण्याचा अधिकार आपल्याला आहे. खोटे विधान करण्याचा नाही. आणि ज्या मौनामुळे दुसऱ्याचे नुकसान वाढत जाते, ते मौनही फार काळ समर्थनीय राहत नाही.

सीएमव्हीच्या बाबतीत हे नुकसान प्रत्यक्ष आहे. हा विषाणू मावा किडीमुळे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. त्यावर औषध नाही. लागण झालेली झाडे लवकर ओळखून उपटणे आणि नष्ट करणे हाच उपाय. म्हणजे तक्रारी दडवण्यात गेलेला प्रत्येक आठवडा शेजारच्या बागेच्या मुळावर येतो. शिवाय विषाणू रोपांतून आला की शेजारच्या काकडीवर्गीय पिकातून किंवा तणातून, हे तपासणीशिवाय कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे घाईने कबुली देण्याचीही गरज नाही. व्यवस्थापनाला असे निवेदन सुचवावे : काही बागांतून रोगाच्या तक्रारी आल्या आहेत, बागांची पाहणी चालू आहे आणि नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत, लक्षणे दिसणारी झाडे शेतकऱ्यांनी त्वरित उपटावीत आणि कृषी अधिकाऱ्यांना कळवावे, तपासणीचा निष्कर्ष आला की तो आम्ही जाहीर करू. यातले प्रत्येक वाक्य आधी खरे करून मगच लिहावे. नमुने पाठवले नसतील, तर पाठवायला लावावेत. मला विचाराल तर जनसंपर्क अधिकाऱ्याची खरी उपयुक्तता येथेच आहे.

मालकांनी तरीही ऐकले नाही तर काय, हे आपण विचारलेले नाही. पण ते मनात असणार. घर चालवणाऱ्या माणसाला 'नोकरी सोडा' असा सल्ला मासिकातून देणे योग्य नाही. परंतु आपले मत लेखी द्यावे, ते असत्य विधान आपल्या नावाने आणि आपल्या तोंडून जाऊ देऊ नये, आणि पत्रकारांना 'याविषयी व्यवस्थापनाशीच बोलावे' असे सांगावे. एवढे कोणालाही करता येते.

प्रश्न : वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, मग जनसंपर्काचा व्यवसाय कोणीही उठून कसा करतो? इतर देशांत परवान्याची पद्धत आहे का? — शिरपूर

उत्तर : काही देशांत आहे. ब्राझीलने १९६७ मध्ये कायदा करून हा व्यवसाय नियमित केला आणि तिथे नोंदणीसाठी परिषदा आहेत. नायजेरियात १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूटला १९९० च्या आदेशाने वैधानिक दर्जा मिळाला आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करण्यास मनाई झाली. अमेरिकेत या व्यवसायाचे एक प्रवर्तक एडवर्ड बर्नेज यांनी परवान्याची मागणी आयुष्याच्या अखेरीपर्यंत लावून धरली. परंतु बोलण्यासाठी सरकारची परवानगी का घ्यावी, या घटनात्मक आक्षेपापुढे ती टिकली नाही.

भारतात हाच आक्षेप राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाच्या आधाराने घेतला जाईल, आणि मला तो रास्त वाटतो. एखाद्या धरणग्रस्त संघटनेचे निवेदन लिहून देणारा तरुण, गावच्या यात्रेची प्रसिद्धी करणारा शिक्षक, पतसंस्थेचा कारकून यांना परवाना मागायचा ठरवला, तर त्याचा पहिला फटका दुबळ्यांच्या आवाजाला बसेल. ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांना परवानाधारक माणूस सहज मिळेल. जर्मनीसारखी, कोणाचीही तक्रार कोणाहीविरुद्ध ऐकून जाहीर निकाल देणारी परिषद आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : मी धुळ्यातील निवृत्त शिक्षक आहे. वर्तमानपत्रात एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रियेविषयी अर्धे पान 'बातमी' आली. डॉक्टरांचे छायाचित्र, शंभर टक्के यशाचा दावा आणि खाली दूरध्वनी क्रमांक. कोठेही 'जाहिरात' असे छापलेले नव्हते. माझ्यासारख्या साध्या वाचकाने तक्रार करायची तर कोठे? जनसंपर्काच्या संहितेचा मला उपयोग आहे का?

उत्तर : जनसंपर्काच्या संहितेचा आपल्याला थेट उपयोग फारसा नाही, कारण तो मजकूर पाठवणारी व्यक्ती बहुधा कोणत्याच संस्थेची सभासद नसेल. परंतु त्या मजकुरामागे तीन वेगवेगळे व्यवसाय उभे आहेत आणि त्यांतल्या दोघांसाठी दार उघडे आहे.

पहिला वर्तमानपत्राचा. भारतीय प्रेस कौन्सिलच्या निकषांनुसार जाहिरात ही जाहिरात म्हणून ओळखू आली पाहिजे. २००९ च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा विषय ऐरणीवर आला आणि कौन्सिलने २०१० मध्ये त्यावर अहवाल केला, तेव्हापासून या निकषाकडे अधिक लक्ष गेले. आपण आधी संपादकांना लेखी पत्र द्यावे, त्याची प्रत ठेवावी, आणि समाधान न झाल्यास पत्र व कात्रण जोडून कौन्सिलकडे लवकर तक्रार करावी. १९७८ च्या कायद्याने कौन्सिलला ताकीद देण्याचा, समज देण्याचा आणि निषेध नोंदवण्याचा अधिकार आहे, दंडाचा नाही. ही मर्यादा आहे खरी. तरीही जाहीर निषेधाची नोंद होणे वर्तमानपत्राला नको असते.

दुसरा व्यवसाय डॉक्टरांचा, आणि येथे नियम सर्वांत कडक आहेत. २००२ च्या वैद्यकीय आचारविषयक विनियमांनुसार डॉक्टरांना रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करता येत नाही. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही काळ बंद राहणार आहे, अशा सूचना देता येतात. सार्वजनिक आरोग्यावर ते आपल्या नावाने लेख लिहू शकतात; पण आपल्याकडे रुग्ण यावेत या हेतूने मुलाखती देऊ शकत नाहीत. अशा मजकुराविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे दाद मागता येते. अमेरिकेत मात्र डॉक्टर आणि रुग्णालये उघडपणे जाहिराती करतात. म्हणून तिकडचे नमुने पाहून प्रसिद्धीचे आराखडे बनवणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांनी हे लक्षात ठेवावे की आपल्या क्लायंटच्या व्यवसायाची संहिताही आपल्याला बांधते. तिकडे ज्यात काहीच वावगे नाही, ते इकडे डॉक्टरांची नोंदणी अडचणीत आणू शकते.

तिसरा व्यवसाय त्या प्रसिद्धी करणाऱ्याचा. त्याची तक्रार ऐकणारी जागा आज नाही. शंभर टक्के यशाच्या दाव्याबद्दल आपण जाहिरात मानक परिषदेकडेही लिहू शकता. तिथे वाचकाला तक्रारीसाठी शुल्क पडत नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेकडून दिवाळीला पत्रकारांना भेटवस्तू दिल्या जातात. मिठाईचा डबा चालतो, असे सगळेच म्हणतात. यंदा मात्र संचालकांचा विचार चांदीच्या नाण्यांचा आहे. सीमा कोठे आखावी? — चोपडा

उत्तर : अमेरिकेच्या संहितेत भेट नाममात्र, कायदेशीर आणि क्वचित असावी, असे म्हटले आहे आणि गैरवर्तनाचे उदाहरणही दिले आहे : बर्फावर घसरण्याच्या महागड्या पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीने क्रीडा मासिकाच्या स्तंभलेखकाला त्या भेट देणे. इप्राची संहिता माध्यमांना कोणतेही आर्थिक किंवा इतर आमिष दाखवण्यास सरळ मनाई करते. आपल्याकडे प्रेस कौन्सिलने आर्थिक विषयांवर लिहिणाऱ्या पत्रकारांनी भेटवस्तू, कर्ज, सहली, सवलती यांपैकी निर्भीडपणाला बाधा आणणारे काहीही घेऊ नये, असे सांगितले आहे. आणि पतसंस्थेच्या ठेवींविषयी लिहिणे हे आर्थिक विषयावर लिहिणेच आहे. खानदेशात पतसंस्था अडचणीत आल्यावर ठेवीदारांचे काय हाल झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा वेळी वार्ताहराला प्रश्न विचारताना संकोच वाटावा, अशी कोणतीही वस्तू त्याच्या घरी जाऊ नये. चांदीचे नाणे देऊ नये.

२००१ मध्ये रशियात एका जनसंपर्क कंपनीने अस्तित्वातच नसलेल्या दुकानाचे प्रसिद्धिपत्रक २१ प्रकाशनांना पाठवले, तेव्हा १३ जणांनी ते पैसे घेऊन बातमी म्हणून छापले. हा प्रयोग करणारे व्यावसायिक जनसंपर्कातलेच होते आणि आपल्याच क्षेत्रातल्या या रोगाविरुद्ध ते उभे राहिले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. इप्राने त्यानंतर माध्यमांच्या पारदर्शकतेसाठी मोहीम चालवली. आपल्याकडे तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नगण्य असते आणि पुरवणीच्या जाहिराती त्यालाच गोळा कराव्या लागतात; हे दुखणे वर्तमानपत्रांच्या मालकांनी दूर केले पाहिजे. तोवर आपल्या संस्थेने जाहिरात द्यायची असेल तर ती जाहिरात म्हणूनच द्यावी, पावती घ्यावी, आणि बातमीशी तिचा संबंध जोडू नये.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात एका स्वयंसेवी संस्थेच्या प्रसिद्धीचे काम करते. देणगीदारांसाठी अक्कलकुवा आणि धडगाव भागातील कुपोषित बालकांची छायाचित्रे लागतात. आम्ही आईचा अंगठा संमतिपत्रावर घेतो. संमतिपत्र मराठीत आहे आणि बऱ्याच माता भिली किंवा पावरी बोलतात. कायद्याने हे पुरेसे आहे का? परदेशात काय करतात?

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याबद्दल मी आपला ऋणी आहे, कारण जनसंपर्काच्या आचारसंहितांवरील चर्चेत कंपन्या आणि पत्रकारच येतात, आणि ज्यांच्या छायाचित्रावर आवाहन उभे राहते ती माणसे सहसा येत नाहीत.

युरोपातील विकास क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थांच्या 'कॉन्कॉर्ड' या महासंघाने २००६ मध्ये छायाचित्रे आणि संदेश यांविषयी स्वतंत्र आचारसंहिता स्वीकारली. छायाचित्रातील व्यक्तीला, किंवा तिच्या पालकाला, ते कशासाठी आणि कोठे वापरले जाणार हे पूर्ण समजलेले असावे. तिचा त्यात सहभाग आणि परवानगी असावी. आणि माणसाला केवळ दयेचा विषय करणारी चित्रे टाळावीत, हे तिचे सार. अथेन्सच्या संहितेने माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल आणि प्रत्येकाच्या स्वतः निर्णय करण्याच्या हक्काबद्दल जे तत्त्व सांगितले होते, ते येथे कामाच्या पातळीवर उतरलेले दिसते.

आपल्या देशात २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील बालकाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय त्या कायद्याने दिला आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे. भिली नाही, पावरी नाही, आपली अहिराणीही नाही. म्हणजे मराठी कागदावर घेतलेला अंगठा कदाचित कायद्याला पुरेल. पण त्या आईला काय कळले, या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. नीतीची जबाबदारी येथे कायद्याच्या पुढे जाते.

म्हणून काही गोष्टी कराव्यात. संमती बोली भाषेत, गावातल्या अंगणवाडी सेविकेच्या किंवा आशाताईंच्या उपस्थितीत तोंडी समजावून घ्यावी आणि शक्य असल्यास तिचे ध्वनिमुद्रण ठेवावे. हे छायाचित्र मुंबईत, परदेशात, मोबाइलवर कोणीही पाहील आणि नंतर पुसता येणार नाही, हे स्पष्ट सांगावे. 'नाही' म्हटल्याने आहार, औषध किंवा कोणतीही मदत थांबणार नाही, हे त्याआधी सांगावे. कारण मदत देणाऱ्याच्याच हातात कॅमेरा असेल, तर नकार देणे त्या आईला फार कठीण असते. बालकाचे नाव आणि पाडा देऊ नये. मूल बरे झाल्यावर काढलेले छायाचित्र देणगीदारांना दाखवावे, आणि जे छापले त्याची प्रत त्या कुटुंबाला पोचवावी. देणगीदारांचा आग्रह उघड्या बरगड्यांच्याच छायाचित्रांचा असेल, तर त्यांना कॉन्कॉर्डची संहिता पाठवावी. युरोपातील देणगीदार असतील तर त्यांच्याच देशातील अनेक संस्थांनी ती मान्य केलेली आहे, हे त्यांना सांगता येईल.